महिनाभर शाकाहार: रोजच्या धबडग्यातल्या नोंदी

३१ मे, आदल्या रात्री

उद्यापासून महिनाभर मांस, मासे, कोंबडी बंद. दूध आणि अंडी चालू. नियम फक्त माझ्यापुरता आहे. बायको आणि मुलांवर सक्ती नाही, पण संध्याकाळचा स्वयंपाक मीच करतो, त्यामुळे त्यांच्याही ताटात फरक पडणारच.

कारण थोडक्यात लिहून ठेवतो. आमच्याकडे जवळपास रोज मांस किंवा मासे असतात, आणि तेही कुणी ठरवून नाही, निव्वळ सवयीने. रोजच्या जेवणासाठी एक जीव जातो आणि आपल्या मनाला त्याचा स्पर्शही होत नाही, हे मला बरेच दिवस खुपत होतं. कायमचं काही ठरवण्याआधी नोकरी, मुलांची शाळा आणि संध्याकाळची धांदल सांभाळून हे जमतं का, ते पाहायचं आहे. ज्यांच्या हाताशी वेळ कमी आहे अशांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अलीकडेच झाली आहे, दोन्ही ठीक. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि निरोगी माणसाला तो बराच काळ, अनेकदा काही वर्षंही, पुरतो. शिवाय दूध-अंडी चालूच आहेत. त्यामुळे एका महिन्यात त्याची चिंता नाही. गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रोजची औषधं असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं.

१ जून

सुरुवात सर्वांत सोप्या मार्गाने केली: नेहमीचं जेवण, त्यातून मांस वजा. भात तोच, भाजी तीच, दोन्ही जरा जास्त वाढून घेतलं. जेवताना काहीच वाटलं नाही. चारच्या सुमाराला मात्र अशी भूक लागली की कामात लक्ष लागेना. कपाटातली बिस्किटं संपवली.

रात्री आकडे मांडले. कोंबडीच्या शिजलेल्या शंभर ग्रॅम मांसात साधारण ३० ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच्या जागी मी कोबी, गाजर, फ्लॉवर वाढवलं होतं, आणि त्यात शंभर ग्रॅममागे एक-दोन ग्रॅम. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम. आजच्या जेवणात त्याच्या निम्मीही नव्हती.

तेव्हा मांस वजा करून चालणार नाही. त्याच्या जागी काय, हे रोज आधीच ठरलेलं पाहिजे.

३ जून

दोन दिवस पाव, चीज आणि मूठ-मूठ बदाम यांवर निघाले. पोट भरतं, भूक लांबते, काहीच शिजवावं लागत नाही. पण संध्याकाळी अंग जड वाटतं आणि चीजमधल्या मिठामुळे सारखी तहान लागते. खर्चही वाढला. मांसाचे वाचलेले पैसे चीज आणि सुक्या मेव्यात गेले, वर थोडे जास्तच. मांसासारख्या चवीची तयार पाकिटंही आणली होती. चव बरी, पण रोज परवडतील अशी नाहीत, आणि घटकांची यादी वाचून मला ती रोज खावीशी वाटेनात.

उद्यापासून डाळी आणि कडधान्यं ताटाच्या मधोमध. बाकी सगळं त्यांच्या भोवती.

५ जून

आजचा स्वयंपाक पूर्ण फसला. त्याची नोंद सविस्तर करतो, कारण शाकाहार करून पाहणारी बरीच माणसं इथेच कंटाळून सोडून देत असावीत.

राजमा सकाळी भिजत घातला होता. संध्याकाळी कांदा-टोमॅटो परतून त्यातच राजमा आणि पाणी घातलं आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजायला ठेवला. तासाने पाहिलं तर टणक. दोन तासांनीही दाताखाली करकरत होता. मुलं ताटावर वाट पाहून कंटाळली, शेवटी सगळ्यांसाठी अंडी केली. राजमा रात्री उशिरापर्यंत चुलीवर ठेवला तरी साल मऊ झाली नाही.

कारणं शोधली तेव्हा एकापेक्षा जास्त सापडली. पहिलं, टोमॅटो. आंबट पदार्थात दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही, म्हणून दाणा मऊ व्हायला फार वेळ घेतो. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं दाणा शिजल्यावर घालायचं. दुसरं, राजमा जुना होता. कपाटात मागे पडून राहिलेली बरणी, किती दिवसांची ते कुणालाच आठवेना. उष्ण, दमट जागी बराच काळ राहिलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी नीट मऊ होत नाही. तिसरं, आमचं पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं.

यावर उपाय म्हणजे भिजवण्याच्या पाण्यात मीठ. लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा. मिठाने कडधान्य शिजत नाही असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. भिजवताना तर उलट होतं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. रात्रभर भिजवायचं, पाणी ओतून द्यायचं, दाणे धुऊन ताज्या पाण्यात शिजवायचे. पाणी फारच जड असेल तर शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा. त्याहून जास्त नको, चव साबणासारखी होते.

राजम्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुरक्षिततेची आहे, ती वेगळी लिहितो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. मूठभर अर्धकच्च्या दाण्यांनीही जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते नष्ट व्हायला राजमा खळखळ उकळावा लागतो, किमान दहा मिनिटं. मी अर्धा तास ठेवतो. कमी आचेच्या विजेच्या भांड्यात तापमान उकळीपर्यंत पोचलं नाही तर विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून आधी चुलीवर जोराची उकळी, मग हवं त्या भांड्यात. आजचा राजमा बराच वेळ उकळला होता, तरी मी तो टाकून दिला. शंका असताना मुलांच्या ताटात वाढायचा नाही.

६ जून

नवीन चणे आणले, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवले. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ झाले, सालीसकट. कालची संध्याकाळ वाया गेली तरी एवढं हाती लागलं.

७ जून, सुट्टी

पोट बिघडलं. गॅस, फुगारा, रात्री झोपमोड. एकदम रोज दोन वेळा कडधान्य सुरू केल्याचा हा परिणाम. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. हा आजार नाही, पण बैठकीत बसून कळ सोसणं सोपं नाही.

माझ्या पोटाला या गोष्टींनी आराम पडला: आठवडाभर अख्खं कडधान्य दिवसातून एकदाच, तेही छोटी वाटी. दुसऱ्या वेळी सोललेली मुगाची डाळ किंवा मसुराची डाळ, ती पचायला हलकी. भिजवलेलं पाणी न चुकता ओतून देणं. आणि पाणी जास्त पिणं, कारण तंतू वाढले आणि पाणी तेवढंच राहिलं तर बद्धकोष्ठ होतं. शाकाहाराने पोट साफ राहतं असं लोक सांगतात, ते पहिल्या आठवड्यात खरं ठरेलच असं नाही.

दुपारी पुढच्या आठवड्याचं काम उरकलं. अर्धा किलो सुके चणे शिजून सव्वा किलोच्या आसपास होतात. ते निथळून, थंड करून, पाव-पाव किलोच्या पिशव्यांत पसरट भरले आणि फ्रीझरमध्ये आडवे ठेवले. पसरट यासाठी की गोळा करून भरले तर एकच दगड होतो आणि हवे तेवढे काढता येत नाहीत. शिजलेलं कडधान्य बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवायचं. बाकी फ्रीझरमध्ये.

हात लावून करायचं काम अर्ध्या तासाचं, उरलेला वेळ कुकरचा. पण कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हाच अर्धा तास कुठून आणणार? तो सुट्टीच्या दुपारीच काढायला हवा.

१० जून

आज पहिल्यांदा मांसाची खरी ओढ लागली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी डबा उघडला, भाजलेल्या मांसाचा वास आला आणि माझ्या डब्यातला डाळ-भात एकदम फिका वाटला. पोट भरलेलं होतं, म्हणजे प्रश्न भुकेचा नव्हता.

घरी आल्यावर नीट विचार केला. मला त्या मांसात नेमकं काय हवं होतं? खरपूस भाजलेपण, आणि जिभेवर रेंगाळणारी ती खोल, मांसल चव. या चवीचं मूळ जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळात शोधलं: ग्लुटामेट. म्हणजे ती चव पहिल्यांदा वेगळी काढली गेली तीच वनस्पतीजन्य सुपातून. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आहे, सोया सॉसमध्ये आहे, मुरवलेल्या चीजमध्ये आहे. सुकवलेल्या शिताके अळंबीत ग्वानिलेट असतं, आणि ते ग्लुटामेटच्या जोडीला आलं की चव कितीतरी पटीने वाढते.

म्हणून संध्याकाळी मसुराच्या रश्श्यात भिजवलेल्या सुक्या अळंबीचं पाणी घातलं आणि टोमॅटोची पेस्ट तेलात गडद लाल होईपर्यंत परतली. रस्सा बदलला. मुलाने काही न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

ताज्या अळंबीचा बेत मात्र फसला. सगळी एकदम कढईत टाकली, मीठही घातलं, आणि तिला एवढं पाणी सुटलं की ती परतण्याऐवजी उकडली. करडी, लिबलिबीत. अळंबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आटेपर्यंत तापमान उकळीच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. उद्या पुन्हा.

११ जून

मोठा तवा चांगला तापवला, तेल न घालता अळंबी एका थरात पसरली, गर्दी न करता, दोन खेपांत. पाणी सुटलं, आटलं, मग तेल, मग शेवटी मीठ. कडा तपकिरी, वास थेट भाजलेल्या मांसाच्या जवळ जाणारा. कालच्या आणि आजच्या पदार्थात जिन्नस तेच होते, फक्त क्रम आणि भांडं बदललं.

१२ जून

टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. पाकिटातून काढून चिरला आणि तव्यावर टाकला तर चिकटला, तुटला, आतून बेचव. बायको म्हणाली, "हे मला वाढू नकोस." तिचं बरोबर होतं.

दुरुस्ती: घट्ट टोफू घ्यायचा, स्वच्छ कापडात गुंडाळून वर जड भांडं ठेवून अर्धा तास पाणी काढायचं, तुकड्यांना मीठ आणि कॉर्नफ्लोअर चोळायचं, तेल पुरतं तापल्यावरच टाकायचं आणि तो आपणहून सुटेपर्यंत हलवायचा नाही. आणखी एक उपाय फार आवडला. टोफू आधी पूर्ण गोठवायचा, मग वितळवून हाताने दाबून पिळायचा. गोठताना आत बर्फाचे स्फटिक होऊन जाळी पडते, पिळल्यावर तो स्पंजसारखा होतो आणि रस्सा शोषून घेतो. तयारीला आदला दिवस लागतो, पण श्रम काहीच नाहीत.

१४ जून, सुट्टी

आई राहायला आली आहे. ताट पाहून म्हणाली, "अरे, एवढी धावपळ तुझी, अशाने अंगात ताकद राहील का?" तिची काळजी खरी आहे, म्हणून हसण्यावारी न नेता तिला दिवसभरातल्या प्रथिनांचा हिशेब दाखवला. सकाळी दोन अंडी, १२ ग्रॅम. दुपारी मोठी वाटी शिजलेला मसूर, १८ च्या आसपास. संध्याकाळी टोफू किंवा चणे, १५. दूध-दही, धान्य आणि बाकी किरकोळ मिळून राहिलेलं. साठच्या पुढे जातं. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यांत लायसीन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी, दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, आणि ती एकाच घासात एकत्र आली पाहिजेत असंही नाही. दिवसभरात आली तरी पुरतं.

लोहाचं मात्र आईने बरोबर हेरलं. मांसातलं लोह शरीर सहज शोषतं, वनस्पतींतलं तेवढं सहज नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढतं, आणि जेवणाबरोबरचा चहा किंवा कॉफी ते बरंच कमी करते. मी जेवण झालं की लगेच चहा घेतो, वर्षानुवर्षांची सवय. आजपासून चहा जेवणानंतर तासाभराने, आणि डाळीवर लिंबू पिळायचं, तेही चूल बंद केल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. महिन्यातल्या सगळ्या बदलांत हा चहाचा बदल मला सर्वांत जड गेला. आईनेही माझ्यासोबत चहा पुढे ढकलला.

१६ जून

घरातल्या पाकिटांवरची यादी वाचायला बसलो. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं असतं. सुपाच्या वड्यांत कोंबडीची चरबी. मुलांच्या चघळायच्या गोळ्यांत आणि एका गोठवलेल्या मिठाईत जिलेटिन, जे प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे. एका लाल पेयात ई १२०, म्हणजे कोचिनिअल किड्यांपासूनचा रंग. चीजचा प्रश्न जास्त नाजूक आहे. चीज करताना दूध साकळायला लागणारं रेनेट पारंपरिक पद्धतीत दूधपित्या वासराच्या जठरातून येतं, आणि पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज तर नियमानुसार त्याच रेनेटने बनतं. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेली चीजही भरपूर मिळतात, काहींच्या वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं.

यातलं काय सोडायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मी प्राण्यांच्या जिवासाठी हे करतो आहे, तेव्हा वासराच्या जठराकडे डोळेझाक करणं मला जमणार नाही. चीज बदललं. उघडलेल्या गोष्टी टाकल्या नाहीत, घरात बाकीचे खातील. अन्न फेकून कुणाचा जीव वाचत नाही.

१९ जून

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी जेवणाचं आमंत्रण होतं. मी आधी सांगितलं नव्हतं, यजमानांना त्रास नको म्हणून. तिथे गेल्यावर कळलं की मुख्य पदार्थ एकच, मांसाचा. त्यांच्या बायकोने घाईने माझ्यासाठी त्यातले मांसाचे तुकडे बाजूला काढून बटाटे आणि रस्सा वाढला, मोठ्या आपुलकीने.

मी तो खाल्ला नाही. भात, कोशिंबीर आणि दही यांवर जेवलो, आणि कारण सरळ सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. मला अजून वाटतं की खाल्लं नाही ते बरोबर, पण तिला त्या अवघड जागी उभं केलं ते टाळता आलं असतं. न सांगणं हा संकोच होता, आणि त्याचा भार तिच्यावर पडला. दोन दिवस आधी एक फोन, आणि "मी एक पदार्थ घेऊन येतो" असं म्हणणं, एवढ्याने भागलं असतं.

बाहेर खाण्याचं तंत्र वेगळं. यादीत 'भाज्यांचं सूप' लिहिलेलं असलं तरी ते हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं, 'भाज्यांचा भात' असला तरी त्यात मासळीचा सॉस असू शकतो. विचारायचं असेल तर "शाकाहारी आहे का?" एवढं पुरत नाही. "सुपाचं पाणी कशाचं आहे? तळणीचं तेल मांस तळतात तेच आहे का?" असं नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. गर्दीच्या वेळी नाही, आधी फोन करून.

२१ जून, सुट्टी

दोन पातेल्यांचा प्रश्न अखेर सुटला. इतके दिवस माझ्यासाठी एक आणि मुलांसाठी वेगळं असं शिजवत होतो, भांडी दुप्पट आणि रात्री ओट्याशी जाणारा वेळही दुप्पट. मुलगा रोज मैदानावर खेळतो, त्याला मांस हवं असतं, आणि त्याच्यावर माझा निर्णय लादायचा नाही.

आता रस्सा एकच, पूर्ण शाकाहारी. कांदा, टोमॅटो, मसूर, मसाला. मुलाचं मांस वेगळ्या छोट्या तव्यावर भाजायचं आणि त्याच्या ताटात वरून घालायचं. पळी वेगळी. क्रमही महत्त्वाचा: आधी माझं वाढून घ्यायचं, मग मांसाला हात. अशाने मांस आपोआप कमी लागतं, कारण ते ताटाचा मुख्य भाग राहत नाही. मुलीने या आठवड्यात स्वतःहून ते मागितलंच नाही, मसुराचा घट्ट रस्सा पास्त्यावर घालून खाल्ला. मी काही बोललो नाही. कौतुक केलं की पोरांना संशय येतो.

२४ जून

धाकटीला ताप. कामावरून मधेच यावं लागलं, खरेदी राहिली. फ्रीझरमधले चणे, डबाबंद टोमॅटो, कांदा. तेवढ्यावर दोन वेळा निघाल्या. लिहायला आज इतकंच.

२६ जून

खर्चाचा हिशेब. पहिल्या आठवड्याचा किराणा नेहमीपेक्षा महाग पडला: चीज, बदाम, तयार पाकिटं, आणि टाकून दिलेला राजमा. दुसऱ्या आठवड्यात तो नेहमीच्या पातळीला आला. त्यानंतर ठळक कमी झाला, कारण सुकी कडधान्यं आणि डाळी प्रथिनांच्या मानाने स्वस्तच असतात. महाग पडते ती घाई. भिजवायचं राहिलं की माणूस डबाबंद किंवा तयार वस्तू उचलतो. म्हणून न भिजवता वीस-पंचवीस मिनिटांत शिजणारी मसुराची डाळ घरात कायम असू दे.

वेळेत मात्र बचत नाही. रोजचा स्वयंपाक आता पूर्वीइतकाच वेळ घेतो, पण सुट्टीची दुपार वेगळी द्यावी लागते. घरात हे काम एकट्या बाईच्या अंगावर पडणार असेल तर शाकाहाराचा निर्णय दुसऱ्या कुणी परस्पर घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. ज्याचा नियम, त्याचे हात आधी पाण्यात.

शरीराचं म्हणाल तर वजन फारसं हललेलं नाही. पोट तिसऱ्या आठवड्यापासून शांत आहे, पूर्वीपेक्षा नियमित. दुपारची सुस्ती कमी वाटते, पण चहाची वेळ बदलल्याचाही तो परिणाम असू शकेल, दोन्ही वेगळं करून सांगता येत नाही.

२८ जून, सुट्टी

ऑफिसात एकीला पुढच्या महिन्यात हे करायचं आहे. तिने विचारलं, सुरुवातीला काय आणू? तिला लिहून दिलं: मसुराची डाळ, सोललेली मुगाची डाळ, नवे सुके चणे, घट्ट टोफू, अंडी, सुकी अळंबी थोडी, टोमॅटोची पेस्ट, सोया सॉस, लिंबं. राजमा दुसऱ्या आठवड्यापर्यंत नको. चीज एकच छोटा तुकडा. आणि सुरुवात सोमवारी करू नकोस, शनिवारी रात्री भिजत घालून रविवारी कर.

तिने विचारलं, मांसाची आठवण येते का? येते. वास आला की येते. पण जेवून उठल्यावर येत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात ती जेवून उठल्यावरही यायची.

३० जून

महिना संपला. उद्या काय, यावर घरात बोलणं झालं. मी मांसाकडे परत जाणार नाही, निदान घरच्या स्वयंपाकात तरी नाही. मुलं खातील तेव्हा वर लिहिल्याप्रमाणे वेगळ्या तव्यावर. बायकोने आठवड्यातले कामाचे दिवस माझ्यासोबत जेवायचं ठरवलं आहे. तिच्या अटी दोन: टोफू गोठवून पिळलेलाच, आणि चणे सलग दोन दिवस नाहीत.

महिन्याचं वर्ष होणार असेल तर बी-१२ कडे दुर्लक्ष चालणार नाही. दूध-अंड्यांतून ते मिळतं, पण प्रमाण बेताचं असेल तर साठा हळूहळू उतरतो आणि लक्षणं उशिरा दिसतात. सहा महिन्यांनी बी-१२ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन दोन्ही तपासून घेणार, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा कमी झालेला असू शकतो. पुढे अंडी-दूधही सोडायचं ठरलं तर बी-१२ ची गोळी पहिल्या दिवसापासून, तपासणीची वाट न पाहता.